भंगाराच्या गेटपासवर सही करण्याआधी

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील माहिती तंत्रज्ञान कंपन्या, बँका, विमा कार्यालये आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांचे
संगणक विभागप्रमुख, ॲडमिन विभाग आणि हिशेब विभाग यांस,

विषय : चालू स्थितीतील जुने संगणक शाळांना देण्याबाबत

स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्या तारखेच्या आगेमागे हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, तळवडे इथल्या कार्यालयांत काय झाले आणि अजून काय चालू आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीची, म्हणजे साधारण २०१५ ते २०१७ च्या सुमारास बाजारात आलेली यंत्रे या अटीत बसत नाहीत. ती बिघडलेली नाहीत. बदलीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर कोणी पगारपत्रके करत होते, कोणी कोड लिहीत होते. आता ती तळघरातल्या स्टोअरमध्ये एकावर एक रचली आहेत, ॲसेट टॅग तसेच चिकटलेले, आणि लिलावासाठी लॉट पाडायचे काम सुरू आहे. तो लॉट गेटबाहेर पडण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावे, अशी मनापासून इच्छा आहे.

मी पुण्यात संगणक दुरुस्तीचे काम करतो. कार्यालयांच्या एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे करार, सांभाळण्यात उमेदीची वर्षे गेली. आता सुट्टीच्या दिवशी आम्ही काही जण मिळून जुनी यंत्रे दुरुस्त करतो आणि मुळशी, भोर आणि वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत बसवून देतो. त्यामुळे तुमची स्टोअरही मी आतून पाहिली आहेत आणि शाळांची कपाटेही. दोन्हीकडे चांगली माणसे आहेत. देणाऱ्याला द्यायचे असते, घेणाऱ्याला हवे असते, आणि तरीही चालू यंत्र वजनाच्या भावाने जाते. असे का होते याचा माझ्यापुरता उलगडा झाला आहे. यंत्र कंपनीच्या ॲसेट रजिस्टरमधून निघते आणि शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, जायचे असते. या दोन वह्यांच्या मध्ये कोणाची तरी सही लागते, आणि दोन्ही टोकांना सही करणाऱ्याच्या मनात भीती असते. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय आहेत, आणि त्यांतले बहुतेक तुमच्या टेबलावर होण्यासारखे आहेत.

आधी गरज किती आहे ते सांगतो. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. जेईई मेन संगणकावर होते. २०२३ ची तलाठी भरती संगणकावर झाली. बऱ्याच सरकारी नोकऱ्यांना एमएस-सीआयटीसारखे प्रमाणपत्र लागते. टायपिंगची परीक्षासुद्धा टाइपरायटरवरून संगणकावर आली. खेड्यातल्या मुलांच्या हाती मोबाइल आहे, पण माउस धरून पर्याय निवडणे, स्क्रोल करून पूर्ण प्रश्न वाचणे, चुकलेले उत्तर बदलणे, हे त्यातली कितीतरी मुले थेट परीक्षा केंद्रावर पहिल्यांदा करतात. शेजारच्या खुर्चीवर कोथरूडचा मुलगा बसलेला असतो, ज्याच्या घरात दोन लॅपटॉप आहेत. दोघांना प्रश्न तेच आणि वेळ तेवढाच.

केंद्र सरकारच्या यूडायस प्लस या शाळांच्या माहितीसंचातल्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणकाची सोय आहे. म्हणजे तीनातल्या एका शाळेत नाही. आणि जिथे आहे तिथेही तो पुष्कळदा एकच असतो, मुख्याध्यापकांच्या टेबलावर, ऑनलाइन माहिती भरण्यात आणि पोषण आहाराचे आकडे चढवण्यात दिवसभर अडकलेला. त्याला मुलांचा हात लागत नाही. दुसरीकडे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सहावीपासून कोडिंग म्हणते. ते कशावर करायचे, हा प्रश्न शिक्षकाने कोणाला विचारायचा?

मोबाइल किंवा टॅब पुरत नाही का, असे मला अनेकदा विचारतात. बघण्यासाठी पुरतो. लिहिण्यासाठी, करून पाहण्यासाठी, चुकून पुन्हा करण्यासाठी कीबोर्डच लागतो.

एका शाळेतला तास डोळ्यांसमोर आहे. एका यंत्रावर दोन मुली बसल्या होत्या आणि गावच्या जत्रेवर चार ओळी मराठीत टाइप करत होत्या. सुरुवातच ‘म्हसोबा’ने, आणि ‘म्ह’ काही केल्या येईना. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताला असतात हे त्यांना कळले होते, पण ‘म’ आणि ‘ह’ शेजारी शेजारी सुटेच राहत होते. मधे पाय मोडायची कळ असते, हे त्यांतल्या एकीने स्वतःच शोधून काढले. वहीत आपण जोडाक्षर काढताना जे करतो तेच बोटाने केले, आणि पडद्यावर दोन अक्षरे एकमेकांत मिसळली. मग पुढचा अर्धा तास दोघींनी जोडाक्षरांचाच धडाका लावला. ज्या यंत्रावर हे चालले होते ते कुठल्याशा कार्यालयातून निकाली निघालेले चौथ्या पिढीचे आय-थ्री होते. सी-डॅक १९८८ पासून पुण्यात आहे आणि भारतीय भाषा संगणकावर आणण्याचे मोठे काम या शहरात झाले. त्याच जिल्ह्यातल्या मुलांना मराठी टाइप करायला कीबोर्ड मिळू नये, याचे मला वाईट वाटते.

आता तुमच्याकडच्या अडचणी.

पहिली भीती डेटाची, आणि ती रास्त आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘डिस्कवर काय राहिले असेल कोणास ठाऊक’ एवढ्या एका वाक्याने पूर्ण देणगी रद्द झालेली मी पाहिली आहे. पण त्याच डिस्क भंगाराच्या लॉटमध्ये गेल्यावर सुरक्षित कशा होतात? तिथून पुढे त्या कोणाच्या हाती जातात, याचा माग कोणीच ठेवत नाही. नुसते फॉरमॅट मारणे म्हणजे पुसणे नव्हे, हे तुम्हाला माहीत आहेच. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर ती पूर्ण ओव्हरराइट करावी लागते. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या ८००-८८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार आजच्या डिस्कसाठी हे एकदा नीट केले तरी सहसा पुरते. एसएसडीला, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कला, ओव्हरराइट भरवशाचे नाही. तिच्या फर्मवेअरमधली सिक्युअर इरेज आज्ञाच वापरावी लागते. प्रत्येक डिस्कच्या सिरियल नंबरनिशी पुसल्याचा दाखला काढा आणि फाइलला लावा.

एवढे करूनही मन मानत नसेल तर डिस्क काढून घ्या, तुमच्याकडेच नष्ट करा आणि यंत्र डिस्कशिवाय द्या. आम्हाला त्यात काहीच वावगे वाटत नाही. जुन्या संगणकातला सर्वांत संथ भाग बहुतेक वेळा ती फिरती डिस्कच असते, आणि आम्ही तिच्या जागी छोटी एसएसडी टाकतोच. कशीबशी सुरू होणारी यंत्रे एवढ्या एका बदलाने मिनिटाच्या आत कामाला लागतात.

डिस्कपेक्षा आम्हाला जास्त छळतो तो बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगचा पासवर्ड. तुमच्या सुरक्षाधोरणाप्रमाणे तो टाकलेला असतो, टाकणारा इंजिनिअर नोकरी सोडून गेलेला असतो, आणि यंत्र आमच्याकडे आले की पेन ड्राइव्हवरून बूटच होत नाही. काही डेस्कटॉपना मदरबोर्डवरचा जंपर काढून सुटका मिळते. व्यावसायिक लॅपटॉपना बहुतेक वेळा तीही नाही, आणि उत्तम लॅपटॉप केवळ कुलूप असल्याने पडून राहतो. तीच गोष्ट ऑटोपायलट आणि एमडीएम या, कंपनीची यंत्रे दुरून ताब्यात ठेवणाऱ्या प्रणालींची. तुमच्या कन्सोलमधून ते यंत्र मोकळे केले नाही तर नव्याने विंडोज टाकल्यावरही ते तुमच्या कंपनीचा लॉगिन मागते. यंत्र नेटवर्कवर असतानाच हे काम काही मिनिटांचे आहे. सहा महिन्यांनी कोणी ते करायला घेतले तर माणसे सापडत नाहीत. एवढ्यासाठी तरी हा निर्णय यंत्र स्टोअरमध्ये जाण्याआधी व्हावा.

दुसरी अडचण हिशेबाची. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात डेस्कटॉप आणि लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे धरले आहे. आयकरात घसारा ४० टक्क्यांनी, घटत्या किमतीवर. म्हणजे ५०,००० रुपयांचा संगणक पाच वर्षांनी आयकराच्या हिशेबात ३,९०० रुपयांच्याही आत येतो. वहीत जवळजवळ काही उरलेले नसते, आणि लिलावात मिळते तीही किरकोळ रक्कम. तरीही ‘फुकट कसे देणार’ या प्रश्नावर फाइल अडते, आणि ती मुख्यतः जीएसटीवरून. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतलेली व्यवसायातली मालमत्ता मोबदल्याशिवाय दिली तरी केंद्रीय जीएसटी कायद्याच्या पहिल्या परिशिष्टानुसार तो पुरवठाच धरला जातो. हिशेब विभाग इथे बिचकतो ते स्वाभाविक आहे. पण त्याच नियमांत भांडवली मालावरचे क्रेडिट दर तिमाहीला ५ टक्क्यांनी घटत जाते, म्हणजे पाच वर्षांत त्याचा आकडा शून्यावर येतो. तुम्ही जी यंत्रे काढत आहात त्यांतली बहुतेक पाच वर्षे ओलांडलेलीच आहेत. आपल्या सीएकडून यावर एकदा लेखी मत घ्या आणि ते दरवर्षी वापरा. प्रत्येक लॉटला तोच प्रश्न पहिल्यापासून सोडवायला नको.

एसटीपीआय या केंद्राच्या सॉफ्टवेअर निर्यात योजनेखाली शुल्कमाफीत आणलेली यंत्रे असतील तर ती देताच येत नाहीत, असा समज मी अनेकदा ऐकला आहे. परकीय व्यापार धोरणात अशा युनिटांना दोन वर्षांच्या वापरानंतर संगणक, मॉनिटर, प्रिंटर वगैरे साहित्य मान्यताप्राप्त, नफ्यासाठी न चालणाऱ्या शिक्षणसंस्थांना, सार्वजनिक ग्रंथालयांना आणि सरकारी संस्थांना शुल्क न भरता दान करण्याची सोय आहे. जिल्हा परिषदेची शाळा त्यात बसते. सेझमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या युनिटांनी आपल्या विकास आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाबद्दल, मात्र सावध करतो, कारण इथे चांगल्या हेतूने गफलत होते. जुन्या संगणकांची किंमत लावून ती सीएसआरच्या दोन टक्क्यांत दाखवता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे की सीएसआर वस्तुरूपात देऊन त्याचे पैशात रूपांतर दाखवता येणार नाही. पण सीएसआरचा पैसा या कामाला लागू शकतो, आणि फार मोलाचा ठरतो. यंत्रे तुमची आहेतच. सीएसआरमधून एसएसडी, वाढीव रॅम, वायरिंग, अर्थिंग, टेम्पोचे भाडे आणि शिक्षकांचे प्रशिक्षण करा. नवीन प्रयोगशाळा उभारायला जेवढे लागते त्याच्या लहानशा भागात एक शाळा नीट उभी राहते. शिक्षणाला प्रोत्साहन हा कायद्याच्या सातव्या परिशिष्टातला विषयच आहे.

आणि ई-कचऱ्याचा कायदा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वर्षभरात कधीही किमान १,००० उपकरणे वापरात असलेली संस्था ‘मोठा ग्राहक’ ठरते, आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच द्यायचा असतो. तुमच्यापैकी कितीतरी जण यात येतात. यातले ‘ई-कचरा’ म्हणजे कचरा म्हणून टाकून दिलेले उपकरण. वापरासाठी चालू स्थितीत दिलेले यंत्र आणि टाकून दिलेले यंत्र यांत फरक आहे, पण तो कागदावर दिसायला हवा. चाचणीचा अहवाल, सिरियल नंबरची यादी, दानपत्र, शाळेची पोच. ज्यांना यापेक्षा भक्कम आधार हवा त्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी असलेल्या रिफर्बिशरकडून, म्हणजे जुनी उपकरणे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्याकडून, यंत्रे तयार करून घ्यावीत. नियमांत रिफर्बिशरला स्वतंत्र स्थान दिले आहे ते उपकरणांचे आयुष्य वाढावे म्हणूनच. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो तयार होतानाच खर्ची पडलेला असतो. तेव्हा चालू यंत्र फोडून त्यातले तांबे काढण्यापेक्षा ते आणखी चार-पाच वर्षे चालवणे निसर्गाच्याही हिताचे आहे.

आता दुसरी वही. शाळेत संगणक आला की मुख्याध्यापक तो डेडस्टॉक रजिस्टरला चढवतात. तिथून पुढे ते त्याचे उत्तरदायी. यंत्र बंद पडले, चोरीला गेले, उंदरांनी वायर कुरतडली, तरी वहीत तो नग उभा असतो. तो कमी करायचा म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव, त्याला मंजुरी, बरीच लांब वाट. बदलीच्या वेळी कार्यभार देताना एकेक वस्तू मोजून द्यावी लागते. म्हणून शाळांत संगणक कपाटात जातात. लोक म्हणतात शिक्षकांना आस्था नाही. मी पाहिले आहे ते वेगळे आहे. शिक्षकाला यंत्र बिघडण्याची भीती असते, कारण बिघडल्यावर त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणी नसते. राज्याच्या आयसीटी योजनेत ठेकेदारामार्फत प्रयोगशाळा आणि संगणक शिक्षक पाच वर्षांच्या करारावर आले होते. करार संपला तसे शिक्षक गेले, आणि मागे उरलेल्या खोल्यांना कुलपे लागली. ही आठवण शाळांच्या मनात ताजी आहे.

म्हणून माझी मुख्य विनंती ही आहे : यंत्राबरोबर निदान एका वर्षाच्या देखभालीची जबाबदारी लेखी द्या. दानपत्रातच लिहा की वर्षभरात बंद पडलेले यंत्र आम्ही दुरुस्त करू किंवा बदलून देऊ, आणि पूर्ण निकामी झाले की नोंदणीकृत रिसायकलरकडे पाठवण्यासाठी परत घेऊ. दर दहा यंत्रांमागे एक यंत्र सुट्या भागांसाठी जादा द्या. असा कागद हाती असला की मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती संगणक कपाटातून बाहेर काढतात. हे मी मोघम म्हणत नाही. जिथे असा कागद होता तिथे आणि जिथे नव्हता तिथे काय झाले, हे जवळून पाहिले आहे.

देखभाल म्हणजे फार मोठे काम नव्हे. कॅबिनेट उघडायचे, अंगणात नेऊन ब्लोअर मारायचा. रॅम काढून तिच्या सोनेरी कडेवर साध्या खोडरबराने दोन्ही बाजूंनी हलके घासायचे, पुन्हा खटकन बसेपर्यंत दाबायची. बीप देत बंद पडलेल्या निम्म्या तरी यंत्रांचा आजार इथेच संपतो. प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. तारीख मागे जात असेल तर बायोसचा गोल सेल बदलायचा. एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा पंखा फिरतो का ते पाहायचे. मुळशी-वेल्ह्यातल्या पावसात खरा शत्रू ओल असते. जून ते सप्टेंबर खोली बंद राहिली तर धडधाकट यंत्रेही दिवाळीनंतर सुरू होत नाहीत, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी सगळी यंत्रे तासभर चालवायला आम्ही शाळांना सांगतो. दहा डेस्कटॉप मॉनिटरसह तासभर चालले तर साधारण एक युनिट वीज जाते. तुमच्या कंपनीतल्या एखाद्या तरुण इंजिनिअरने तिमाहीतून एक शनिवार दिला तरी एका शाळेचे हे सगळे होऊन जाते, आणि माझा अनुभव आहे की अशी मुले आनंदाने येतात.

काय द्यावे आणि काय देऊ नये, हेही स्पष्ट लिहितो. एका शाळेला एकाच मॉडेलची यंत्रे द्या. दहा प्रकारची दहा यंत्रे आली की एकाचा भाग दुसऱ्याला चालत नाही. डेस्कटॉप असेल तर मॉनिटर, त्याला जुळणारी केबल, कीबोर्ड आणि माउस, असा पूर्ण संच हवा. डिस्प्लेपोर्टचे यंत्र आणि व्हीजीएचा मॉनिटर पाठवला तर मधला कनेक्टर शाळेने कुठून आणायचा? त्यासाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीपर्यंत कोण येणार? लॅपटॉप चार्जरशिवाय देऊ नका. बॅटरी फुगलेली असेल तर ती आधी काढा, मुलांच्या हाती तशी देणे धोक्याचे आहे. ४ जीबी रॅम ही आजची किमान गरज समजा, ८ असेल तर पुढची काही वर्षे चिंता नाही. त्याहून जुनी, दर आठवड्याला बंद पडणारी यंत्रे, काचेचे जड मॉनिटर, शाई न मिळणारे प्रिंटर कृपया शाळांकडे पाठवू नका. त्यांची जागा नोंदणीकृत रिसायकलरकडे आहे. शहरातला घरगुती ई-कचरा गोळा करण्याचे काम ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक भगिनीही करतात. २६ जानेवारीला समारंभात दिलेले आणि फेब्रुवारीत बंद पडलेले संगणक शाळेच्या खोलीची जागा अडवतात, आणि पुढच्या देणगीदाराबद्दलचा विश्वासही घालवतात.

विंडोजच्या परवान्याची काळजी करू नका. आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा लुबंटू या मोफत प्रणाली टाकतो. त्यावर लिबरऑफिस, जिओजेब्रा, स्क्रॅच, लहान मुलांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट, सगळे मोफत आणि कायदेशीर. सुरक्षेचे अपडेटही मिळत राहतात. ‘मुले लिनक्स शिकून काय करणार’ ही शंका मला पालकांपेक्षा शहरातल्या सुशिक्षितांकडूनच जास्त ऐकू येते. केरळने २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू केला, २०१७ मध्ये त्याचीच काइट ही कंपनी झाली, आणि तिथल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे उबंटूवर आधारित स्वतःच्या लिनक्सवर शिकत आहेत. तुमच्या सर्व्हर रूममध्येही बहुतेक तेच चालते.

इंटरनेट नाही म्हणून अडत नाही. किविक्स या मोफत सॉफ्टवेअरने पूर्ण मराठी विकिपीडिया ऑफलाइन ठेवता येतो. कोलिब्री या तशाच सॉफ्टवेअरमधून धडे एका यंत्रावरून बाकीच्या यंत्रांना देता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफमध्ये मिळतात, ती आम्ही आधीच भरून देतो. रेंज नसलेल्या वाडीवरही मुलांना वाचायला आणि करायला वर्षभर पुरेल एवढे त्या एका डिस्कवर असते.

वेळेचे गणित तेवढे जमवा. तुमच्याकडे ३१ मार्चच्या आत स्टोअर रिकामे करायची घाई असते आणि तेव्हाच लिलाव होतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. मार्च सुरू होण्याआधी काढायच्या यंत्रांची यादी झाली, बायोसचे पासवर्ड निघाले आणि डिस्क पुसून झाल्या, तर एप्रिल-मेच्या सुट्टीत दुरुस्ती होते, त्याच काळात शाळेतले वायरिंग आणि अर्थिंग होते, आणि पहिल्या आठवड्यात वर्ग सुरू होतो. कोणत्या शाळेत खोली, वीज आणि तयार शिक्षक आहे, हे तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी सांगू शकतात. शहरातल्या शाळांसाठी दोन्ही महापालिकांचे शिक्षण विभाग आहेत. कंपनीतली एक व्यक्ती या कामासाठी नेमा, जिची सही संगणक विभाग, ॲडमिन आणि हिशेब या तिघांनाही चालेल. ज्या थोड्या ठिकाणी अशी व्यक्ती मिळाली तिथे काम काही आठवड्यांत झाले. जिथे मिळाली नाही तिथे इच्छा असूनही यंत्रे लिलावाला गेली.

यादीत फार काही नको. मॉडेल, प्रोसेसर, रॅम, डिस्क आहे की काढली, बायोसचा पासवर्ड काढला की नाही, लॅपटॉप असल्यास चार्जर आणि बॅटरीची स्थिती, आणि एकूण नग. एवढ्यावर कोणत्या शाळेला काय जुळेल ते ठरवता येते. यंदाचा लॉट अजून स्टोअरमध्ये असेल तर ही यादी या आठवड्यातच करा आणि लिलावाची तारीख तोवर पुढे ढकला.

आपला,
संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक पुणेकर